शेवटचं घर रिकामं

माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, त्याला प्रश्न विचारायचा आणि उत्तर पटलं नाही की ‘चूक’ लिहून मोकळं व्हायचं, ही पद्धत ज्यानं काढली त्याला एकदा माझ्यासमोर आणून बसवा. मला त्याच्याशी बोलायचं आहे.

“अक्का, आता कुठं लागतंय?” फरीननं विचारलं. फरीन ही मिरजेच्या सुषुम्ना केंद्रातली तपासनीस. हाताला हलकी, मनानं चांगली. तिच्याकडं केसासारखी एक बारीक तार असायची. ती माझ्या उजव्या हाताला कुठंतरी टेकवायची आणि कुठं टेकवली ते मी सांगायचं.

“खांद्याला.”

टॅबचा टुक् असा आवाज आला. बरोबर उत्तराचा आवाज वेगळा होता, पण तो मी फारसा ऐकलाच नव्हता.

“आता?”

“अंगठा.”

टुक्.

“आणि आता?”

“मधलं बोट. लिही चूक.”

वीस प्रश्नांत दोन बरोबर आले. तेही तिनं तार खरोखरच खांद्याला टेकवली होती तेव्हाचे. पट्टी काढल्यावर मी तिच्या टॅबमध्ये डोकावले. शेवटी एक ओळ आपोआप उमटली होती: ‘रुग्णाच्या मेंदूची जुळवणी अपुरी. सरावाची शिफारस.’ म्हणजे काम त्यांच्या यंत्रानं केलं, चिकाटीनं मी तीन महिने पडून राहिले आणि दोष कुणाचा, तर माझ्या मेंदूचा.

“आज कितवा दिवस गं?” मी विचारलं.

“एकोणऐंशी.”

नव्वदाव्या दिवशी कुलूप लागणार होतं. एकदा ते लागलं की जे जिथं जोडलं गेलंय ते जन्मभर तिथंच.

माझं नाव हेमलता कवडे. राहणार इचलकरंजी, काम वहीफणी. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मागावर बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा मोठा रूळ, चढण्याआधी त्यातला एकेक धागा आधी वहीच्या डोळ्यातून आणि मग फणीच्या घरातून ओढून घ्यावा लागतो. वही म्हणजे बारीक डोळे असलेल्या तारांची चौकट. फणी म्हणजे लांबलचक कंगवाच, त्याच्या दोन दातांमधल्या फटीला आम्ही घर म्हणतो. एका बीमला तीन-चार हजार धागे असतात. साध्या पांढऱ्या बीमाचं काम यंत्रं कधीच करू लागली, पण रंगीत काठ आला, नवीन नक्षी आली, की कारखानदार अजून आमचंच दार वाजवतात.

हे काम जोडीनं करायचं असतं. एकानं मागं बसून धागा वेगळा करून द्यायचा, दुसऱ्यानं पुढं बसून हुकानं ओढायचा. मी ओढते, माझा नवरा रावसाहेब देतो. त्याला सगळे रावसो म्हणतात. धागा एक आला की दोन आले हे ओढणाऱ्याला डोळ्यांनी कळत नाही, अंगठ्याला कळतं. आणि आमच्यात एक रीत आहे, माझ्या वडिलांनी घालून दिलेली: ज्यानं ओढलं त्यानं मोजायचं नाही. बीम झालं की देणारा उठून उलट्या काठापासून मोजत येतो, मगच चिठ्ठीवर दोन सह्या होतात, ओढणारा आणि मोजणारा. ओढणारा पुन्हा मोजायला बसला तर ज्या भ्रमात चुकला त्याच भ्रमात मोजतो, असं वडील म्हणायचे.

चार वर्षांपूर्वी जयसिंगपूरच्या अलीकडं रस्त्यावर सांडलेल्या उसावरून आमची मोटारसायकल घसरली. रावसो चालवत होता. त्याला खरचटलं. मी उजव्या खांद्यावर पडले, मान डावीकडं ओढली गेली आणि हाताची मुळं मज्जारज्जूतून उपटली गेली. गवत उपटल्यासारखी, असं डॉक्टरांनीच सांगितलं.

हालचालीच्या मुळांवर तेव्हाही इलाज होता. दोन वर्षांत बोटं वळायला लागली. पण हात मुकाच राहिला. हूक धरला तर धरलाय हे बघून कळायचं. असल्या हातानं वहीफणी होत नाही. मी घरात बसले आणि रावसो दुसऱ्या जोड्यांची बीमं तपासू लागला.

मग सुषुम्ना केंद्र निघालं आणि तिथं मला डॉक्टर अरुंधती मगदूम भेटल्या. पन्नाशीच्या, शिरोळकडच्या, सरळ बोलणाऱ्या. पहिल्या भेटीत त्यांनी कागदावर एक उभा दांडा काढला.

“हा मज्जारज्जू. हातासाठी यातून पाच मुळं निघतात. वरून खाली मोजा: खांदा, अंगठा, मधलं बोट, करंगळी आणि शेवटी कोपराखालची आतली कड. तुमचं खांद्याचं वाचलंय. खालची चार गेली.”

“ती जोडता येत नाहीत?”

“जोडता येतात, पण आत शिरत नाहीत. स्पर्शाच्या तंतूची मूळ पेशी मज्जारज्जूच्या बाहेर बसलेली असते. तिचा एक फाटा बोटापर्यंत गेलेला, दुसरा मज्जारज्जूत. तुमचा बोटाकडचा फाटा चांगला आहे. तुटलाय तो आतला, अगदी आखूड. आणि तो वाढतो बरं का! वाढत वाढत मज्जारज्जूच्या दारापर्यंत येतो आणि तिथं थांबतो.”

“का?”

“तिथं राखणदार असतात.” त्या हसल्या. “आम्ही आपलं तसं म्हणतो. जखम झाली की मज्जारज्जूतल्या आधारपेशी दाराशी काही रेणू जमवतात. मधे प्रथिनाचा कणा आणि त्याला साखरेच्या लांब शेपट्या. वाढत्या तंतूचं टोक त्या शेपट्यांना लागलं की आखडतं, फुगतं, गाठ होऊन तिथंच बसतं. वर्षानुवर्षं. मरत नाही आणि पुढंही जात नाही.”

चार वर्षं माझी बोटं दाराबाहेर उभी होती, हे ऐकून मला रडू आलं. मग राग आला. “शरीरानं असली माणसं पाळलीतच कशाला?”

“कारण तीच तुम्हाला जपतात. तान्ह्या मुलात हे राखणदार जवळजवळ नसतात. तंतू कुठंही शिरतात, जोडले जातात, तुटतात, म्हणून तर मूल शिकतं. शिकलेलं पक्कं झालं की राखणदार येतात आणि म्हणतात, आता कुणी हलायचं नाही. तुमच्या डाव्या हातात जे वीस वर्षांचं काम बसलंय ना, ते त्यांनीच धरून ठेवलंय.”

इलाज असा होता: एका विकरानं, म्हणजे एन्झाइमनं, त्या साखरेच्या शेपट्या छाटायच्या, म्हणजे दार उघडं. यंत्राच्या बारीक हातांनी चारही मुळं आपापल्या घरात लावायची. नव्वद दिवसांत तंतू आत शिरतात. मग दुसरं इंजेक्शन देऊन राखणदार परत उभे करायचे. त्यालाच सगळे कुलूप म्हणत. नव्वद दिवसांच्या पुढं दार उघडं ठेवणं धोक्याचं, कारण मग शेजारची जुनी, चांगली जोडणीही सैल होते. डावा हात, मान, कदाचित श्वाससुद्धा.

मी सही केली होती. तेव्हा डाव्या हातानं.

ऐंशीव्या दिवशी त्यांनी मला दोन दिवसांसाठी घरी सोडलं. सकाळी रावसोनं चहा केला. मी सवयीनं उजव्या हातात पेला धरला आणि खांद्याला चटका बसला. मी डाव्या हातानं खांदा चोळत राहिले, तोवर इकडं अंगठा भाजत होता. रावसोनं पेला हिसकावून घेतला, पाण्याचं भांडं आणलं आणि माझा हात त्यात धरून बसला.

“बोला की काहीतरी,” मी म्हणाले.

“काय बोलू? माझ्यामुळंच झालंय सगळं.”

चार वर्षांत हा माणूस माझ्याशी एकदाही भांडला नव्हता आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग होता. आधी आम्ही धाग्याधाग्यावर भांडायचो. ‘दोन दिलेत तुम्ही!’ ‘एकच दिलाय, तुझा अंगठा झोपलाय!’ असं चालायचं. अपघातानंतर मी काहीही म्हटलं की तो मान डोलवायचा. हात गेला त्याहून ते वाईट होतं.

दुपारी मी त्याच्याबरोबर कामाच्या जागी गेले. दुसऱ्या एका जोडीनं ओढलेलं बीम मागावरून परत आलं होतं. कापडाचे हिरवे-पिवळे पट्टे जागेवर पडत नव्हते. ती जोडी सकाळपासून धागे हुडकत होती आणि प्रत्येक धागा तपासावा तर नीटच ओढलेला.

रावसो मधे कुठं बघतच बसला नाही. सरळ काठाला गेला. पहिल्या घरात हूक घातला. “दोन हायत हितं.” मग चालत दुसऱ्या काठाला गेला. “आणि शेवटचं घर रिकामं. एक घर सरकलंय सगळं. मधी बघून कसं सापडंल? मधी सगळं बरोबरच दिसतं. फक्त ज्यो त्यो शेजारच्याच्या घरात ऱ्हातोय.”

मी उभी होते ती खाली बसले.

“हेमा? चक्कर आली का?”

“न्हाई. त्यो हूक घ्या आणि माझ्या हाताला टेकवा. मी डोळं मिटते. कुठं टेकवला ते सांगू नका, मनात ठेवा.”

त्यानं हूक टेकवला, मी सांगितलं. आणखी टेकवला, पुन्हा सांगितलं. मग मी डाव्या हातानं खडू घेऊन सगळं फरशीवर लिहिलं. अंगठ्याला लावलं की मला खांद्यात कळत होतं. मधल्या बोटाला लावलं की अंगठ्यात. करंगळीला लावलं की मधल्या बोटात. कोपराखालच्या आतल्या कडेला लावलं की करंगळीत.

खांदा, अंगठा, मधलं बोट, करंगळी, कड. वरून खाली पाच घरं. माझी प्रत्येक चूक एकच होती, वरच्या शेजाऱ्याच्या घरात जाण्याची. मेंदूचा गोंधळ असता तर विस्कटलेला असता. हा रांगेत होता.

“पयल्या घरात दोन,” मी म्हणाले. “खांद्याचं मूळ जागेवर होतंच, त्यात अंगठा कोंबलाय.”

रावसो त्या खडूच्या रेघांकडं बघत राहिला. “आणि शेवटचं घर रिकामं असंल.”

“माझा मेंदू नाही चुकला,” मी म्हणाले आणि मला जोरात हसू आलं. चार वर्षांत तसं हसले नव्हते.

पण रावसो हसला नाही. ब्याऐंशीव्या दिवशी डॉक्टर मगदूमांच्या दाराबाहेर बाकावर बसलो असताना त्यानं माझी बाही धरली. त्याच्या मांडीवर नेहमीची प्लॅस्टिकची पिशवी होती. अपघाताच्या दिवसापासूनचा प्रत्येक कागद, प्रत्येक फोटो त्या पिशवीत असायचा. कुणी मागत नसे, तरी तो बरोबर आणायचा.

“हेमा, ऱ्हाऊ दे की. अंगठ्याचं खांद्यात कळतंय तर कळू दे. सराव कर म्हणत्यात, करू. परत उघडलं आणि डावा हात बी गेला तर? मी कुणाला तोंड दाखवू?”

आणि मग माझ्या तोंडून ते निघालं. चार वर्षं दाबून ठेवलेलं.

“तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून माझा हात वापरू नका. पडलो ते पडलो. चूक झाली, ती मी त्याच दिवशी माफ केली. पण त्यानंतर तुम्ही माझ्याशी जे गोडगोड वागायलाय ना, ते मी माफ करणार नाही. मला देणारा पाहिजे. रडणारा नको.”

आतून नाव पुकारलं. मी उठले. तो मागून आला की नाही हे मी वळून बघितलं नाही.

डॉक्टर मगदूमांनी माझं सगळं ऐकून घेतलं. फरशीवरच्या आकृतीचा फोटो बघितला. मग त्या शिक्षक मुलाशी बोलतात तशा बोलल्या.

“हेमलताताई, तुमची कल्पना हुशारीची आहे. पण असं होऊ शकत नाही. कोणतं मूळ कोणत्या बोटाचं, हे यंत्र वीज देऊन ओळखतं. मज्जारज्जूतलं घर कोणतं, हे मणके मोजून ओळखतं. त्यात चूक होत नाही.”

“मोजलं कुणी?”

“यंत्रानं.”

“आणि जोडल्यावर तपासलं कुणी?”

“त्याच यंत्रानं. लगेच, टेबलावरच. सगळी मुळं ठरलेल्या घरांत होती.”

“म्हणजे ज्यानं ओढलं त्यानंच मोजलं.”

“ताई, तुमच्याशिवाय चाळीस रुग्ण झाले. कुणीही असं म्हटलेलं नाही.”

“म्हटलं असंल. तुम्ही ‘चूक’ लिहिलं असंल.”

त्यांचा चेहरा लाल झाला. मलाही वाईट वाटलं, कारण बाई वाईट नव्हत्या. पण थांबून चालणार नव्हतं.

“आठ दिवसांनी कुलूप आहे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “त्यानंतर दोन वर्षं सराव. मेंदू शिकतो. पुष्कळ जणांचा शिकलाय.”

“मी कुलूप लावू देणार नाही.”

“तुम्हाला कळतंय का तुम्ही काय म्हणताय? तुमच्या डाव्या हाताला मुंग्या येतात का?”

“कालपासून येतात. बारीक.”

“तीच सुरुवात. दार उघडंच राहिलं तर दोन्ही हात हातचे जातील.”

“जाऊ देत. चुकीच्या घरात कायमचं कोंडून घेण्यापेक्षा दारात उभी राहीन. माझ्या सहीशिवाय तुम्हाला सुई टोचता येत नाही आणि सही मी करणार नाही. शेवटचं घर बघा. ते रिकामं नसलं तर मी तुमच्या पाया पडून कुलूप लावून घेईन.”

“ते बघायला आत शिरावं लागेल. कशाच्या आधारावर? यंत्राचं चित्र तर बरोबर दाखवतंय!”

मागं कागद सळसळले. रावसो पिशवी उपसत होता. त्यानं अपघाताच्या दिवशीचा जुना फोटो काढला, मोठा, काळा, कोपरे मुडपलेला. तो खिडकीच्या काचेला लावून तळव्यानं धरला. कवटीच्या बुडापासून छातीपर्यंत माझी हाडं उजेडात दिसायला लागली.

“म्याडम, मानेचं मणकं किती?” त्यानं विचारलं.

“सात. सगळ्यांचे सातच.”

“तुमच्या यंत्रानं कुठनं मोजलं? वरनं का खालनं?”

“खालून. पहिली बरगडी ज्या मणक्याला लागते तो पाठीचा पहिला. त्याच्या वर मान. चित्र तेवढ्याच भागाचं काढतात, उगाच डोक्यापर्यंत किरण कशाला द्यायचे?”

“मग मी वरनं मोजतो. देणाऱ्यानं उलट्या काठानं मोजायचं असतंय.”

त्यानं बोट ठेवलं. “कवटीखालचा ह्यो एक. दोन. तीन.” तो बीम मोजताना मोजतो तसंच मोजत होता, न घाई करता, प्रत्येक आकड्याला थोडं थांबून. “चार. पाच. सहा. सात. ह्या सातव्याचा कोपरा उडालाय बघा, त्या दिवशी आपटला त्यो. आता तुमच्या यंत्राचं चित्र लावा. कोपरा उडालेला मणका हुडका. त्याला काय नाव दिलंय?”

डॉक्टरांनी पडद्यावर चित्र लावलं. कोपरा उडालेला मणका लगेच सापडला. त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘पाठीचा पहिला.’

त्या खुर्चीतून उठल्या. जुन्या फोटोजवळ गेल्या, इतक्या जवळ की त्यांचा श्वास काचेवर उमटला. सातव्या मणक्याच्या बाजूला एक लहान, अर्धवट, चिमणीच्या हाडाएवढी बरगडी होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

“मानेची बरगडी,” त्या हळूच म्हणाल्या. “शंभरात एखाद्याला असते. काही त्रास देत नाही. माणसाला आयुष्यभर कळतही नाही.”

“यंत्राला कळली,” रावसो म्हणाला. “बरगडी दिसली, त्यानं म्हटलं पाठ सुरू झाली. तिथनं पुढं सगळं एक घर वर.”

मी नवऱ्याकडं बघत होते. त्यानं फोटो अजून तळव्यानं काचेला धरून ठेवला होता. हा माणूस मला ओळखीचा होता.

“परत उघडावं लागेल,” शेवटी डॉक्टर म्हणाल्या. “विकराचा दुसरा डोस. म्हणजे आणखी चाळीस दिवस दार उघडं, त्याहून जास्त धोका घेता येणार नाही. हे आजवर कुणावर केलेलं नाही. डाव्या हाताचं काही ना काही जाईल, किती ते मला सांगता येत नाही. आणि चुकीच्या जागी रुजलेले सगळेच तंतू निघतील असंही नाही. नीट विचार करा.”

डावा हात. चार वर्षं त्यानंच मला जेवू घातलं होतं. मला भीती वाटली, ती मी लपवली नाही. रावसोकडं बघून विचारलं, “काय करू?”

चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं मान डोलवली नाही. “सरकलेलं बीम आपण कधी मागावर चढू दिलंय का? उसवायचं आणि परत ओढायचं. पण ह्या बारीला मोजणार मी.”

सत्त्याऐंशीव्या दिवशी मला पालथं झोपवलं. मान बधिर केली, पण मला जागं ठेवलं. ती माझी अट होती. हाडं मोजायची नाहीत, घर कुठलं ते मी सांगणार. डॉक्टर मगदूम मज्जारज्जूवर एकेका जागी विजेचा हलका स्पर्श करणार आणि मला जे बोट जाणवेल ते बोट त्या घराचं. काचेपलीकडं रावसो कागद-पेन्सिल घेऊन बसला होता. त्याचा आवाज माझ्या कानाशी येत होता.

“कुठं?” डॉक्टरांनी विचारलं.

“खांदा.”

“खांदा. हितं दोन हायत. आधीचं ऱ्हाऊ दे, कोंबलेलं तेवढं उसवा,” रावसो म्हणाला.

वीज थोडी खाली सरकली.

“अंगठा,” मी म्हणाले. माझा अंगठा तेव्हा टेबलावर पडलेला होता, त्याला कुणी शिवलेलं नव्हतं, पण तो जागा झाला होता.

“अंगठ्याचं घर. एक. म्याडम, धागा द्या.”

“दिला,” डॉक्टर म्हणाल्या. त्या हे कुठून शिकल्या कोण जाणे.

“घेतला,” मी म्हणाले.

असं मधलं बोट झालं. करंगळी झाली. मग वीज सगळ्यात खालच्या घरात शिरली आणि डॉक्टर थबकल्या. 

“काय झालं?” रावसोनं विचारलं.

“रिकामं आहे,” त्या म्हणाल्या. “शेवटचं घर रिकामं आहे.”

टेबलावर पालथी पडून, तोंड उशीत खुपसून, मी रडले. दुःखानं नाही. तीन महिने ज्या हातावर ‘चूक, चूक’ असे आवाज वाजले होते त्या हाताच्या वतीनं मी रडले.

कुलूप लागलं त्यानंतर चाळीस दिवसांनी. शेवटच्या तपासणीला फरीननं पट्टी बांधली आणि तार टेकवली.

“कुठं, अक्का?”

“अंगठा.”

मी कधीतरीच ऐकलेला तो दुसरा आवाज आला. वीसपैकी सोळा बरोबर आले. फरीननं पट्टी सोडली तेव्हा तिचेच डोळे भरले होते.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. डाव्या हाताची दोन बोटं कायमची मुंग्यांत गेली. काही तंतू हट्टानं जुन्या जागीच राहिले. अंगठा जोरात दाबला की अजून खांद्यात एक बारीक कळ उठते. पण मी डोळे मिटून फरीनच्या ओढणीचा एक धागा दोन बोटांत धरला आणि तो एकच आहे हे मला कळलं. एक. दोन नाही. हे कळण्यासाठी मी काय दिलं ते मला माहीत आहे आणि मी ते पुन्हा देईन.

डॉक्टर मगदूमांनी घरी सोडण्याचा कागद पुढं केला. छापलेलाच होता. मी वाचला. मधे एक ओळ होती: ‘रुग्णाच्या मेंदूची जुळवणी अपुरी होती. पुनःशस्त्रक्रियेनंतर सुधारणा.’

“हे कुणी लिहिलं?” मी विचारलं.

“यंत्र लिहितं. ठरावीक मजकूर असतो.” त्यांनी नजर चुकवली.

मी पेन उजव्या हातात घेतलं. पेनाचा धातू गार होता आणि तो गारवा अंगठ्यात होता, अंगठ्यातच. ती ओळ मी आडवी खोडली. वर लिहिलं: ‘जोडणी एक घर सरकली होती. जोडणाऱ्या यंत्रानंच ती तपासली होती.’ चार वर्षांनी लिहीत होते, अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलं. खाली आमच्या बीमाच्या चिठ्ठीवर असतात तसे दोन रकाने आखले. एकावर लिहिलं ‘ओढणारा’, दुसऱ्यावर ‘मोजणारा’. कागद त्यांच्याकडं सरकवला.

“पहिल्यावर तुमची सही.”

त्या कागदाकडं बघत राहिल्या. “हेमलताताई, हे नोंदीत गेलं तर बाकीच्या चाळीस जणांच्या फायली उघडाव्या लागतील. केंद्राचं काय होईल माहीत नाही. माझंही.”

“त्यांनीही सांगितलं असंल, डॉक्टर. कुणी म्हणालं असंल खांदा, कुणी म्हणालं असंल करंगळी. ती माणसं आज कुठंतरी स्वतःच्या मेंदूला दोष देत सराव करत बसलीत.”

त्या उठून खिडकीपाशी गेल्या. रावसोनं दीड महिन्यापूर्वी जिथं फोटो धरला होता तिथंच उभ्या राहिल्या. मग परत आल्या, पेन घेतलं आणि ‘ओढणारा’ या रकान्यात पूर्ण नाव लिहून सही केली.

रावसोनं दुसऱ्या रकान्यात सही केली. मग खुर्ची टेबलाजवळ ओढली, चष्मा पुसला आणि हात पुढं केला.

“आणा त्या चाळिसांची चित्रं, म्याडम. वरनं मोजू.”